समानतेचं कलम घटनेत लिहून काय होतं?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी मुलीचा प्रश्न थोडक्यात असा: ‘अमेरिकेच्या राज्यघटनेत लिंगावरून भेदभाव करू नये असं सांगणारं कलम अजून नाही. ते यावं म्हणून आमचा गट सह्या गोळा करतो, लोकप्रतिनिधींना पत्रं लिहितो. बाबा म्हणतात, भारतात १९५० पासून हे कलम आहे, तिथल्या बायकांचं त्याने काय भलं झालं? कागदावरच्या एका ओळीसाठी एवढा जीव का टाकतेस? मी त्यांना काय सांगू?’

तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा कोर्टात मी सत्तावीस वर्षं वकिली करते आहे, काम पडेल तसं मुंबई हायकोर्टातही जाते. वाटणी, वारसा, पोटगी, नोकरीतले वाद अशी माझी कामं, आणि पक्षकार बहुतेक बायका. बाबांचा प्रश्न मला परका नाही. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून तो अनेकींनी विचारला आहे. माझं उत्तर असं, की कलम मागाच. फक्त आमच्या कलमाने कुठे काम केलं आणि कुठे ते घराच्या उंबऱ्यापाशी थांबलं, हे नीट बघून मागा.

एक प्रकरण सांगते. २०१६ साली पन्नाशीची एक बाई आली, हातात हक्कसोडपत्राचा मसुदा. लग्न १९८६ चं. आई आधीच गेलेली, वडील २००३ साली वारले. वडिलोपार्जित नऊ एकर जमीन, दोन भाऊ आणि ही एक बहीण. वारस नोंद झाली तेव्हा सात-बारावर भावांची नावं भोगवटादाराच्या रकान्यात लागली आणि हिचं नाव गेलं ‘इतर अधिकारा’त. आमच्याकडे मुलींची नावं वर्षानुवर्षं अशीच लावली गेली. ज्या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, विहिरीतला पाण्याचा हिस्सा असतो, त्याच रकान्यात बहीण. आता भावांना कर्ज काढायचं होतं, म्हणून तेही नाव कमी करायचं होतं. मसुद्यात लिहिलेलं, ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, भावांवरील प्रेमापोटी’ हक्क सोडत आहे. ती अक्षर अक्षर लावून वाचायची. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, ‘वकीलबाई, प्रेम आहेच हो. पण हे मी बोलले कधी?’

मी कागदावर हिशेब करून दाखवला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क वडिलांचा आणि दोन मुलांचा, म्हणजे प्रत्येकी तीन एकर. वडील गेल्यावर त्यांच्या तीन एकरांत तिन्ही मुलं वारस, म्हणून त्यातला एक एकर हिचा. भावांना चार-चार एकर, हिला एक. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मतः हक्क दिला होता, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्याच मुलींना तो हक्क दिला, तर २०१५ साली फुलवती खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की त्या तारखेला वडील हयात हवेत. हिचे वडील दोन वर्षं आधी गेले होते. म्हणजे लग्नाची तारीख आड आली आणि वडिलांच्या मरणाची तारीखही आड आली. दावा तरीही लावला, कारण एक एकरही सोडायचं तिला कारण नव्हतं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्याचा निकाल आला. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील २००५ साली जिवंत होते की नाही याने फरक पडत नाही. आमच्या दाव्यात खरी वाटणी कधी झालीच नव्हती. तिचा एक एकर तीन एकर झाला.

आता बाबा विचारतील, यात घटनेचं कलम कुठे आलं? हे तर वारसा कायद्याने झालं.

बरोबर आहे, आणि माझ्या सांगण्याचा मुद्दा तोच आहे. कलम १५ म्हणतं की राज्य कोणत्याही नागरिकाशी केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करणार नाही. यातला पहिला शब्द बघ, ‘राज्य’. म्हणजे सरकार, विधिमंडळ, सरकारी कचेऱ्या. भाऊ नाही, सासरा नाही, खाजगी कंपनीचा मालक नाही. त्यात १९५१ साली मुंबई हायकोर्टाने नरसू आप्पा माळी खटल्यात ठरवलं की विवाह-वारशाचे व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासता येणार नाहीत. न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर, दोघेही मोठे न्यायाधीश. पण त्या निकालाने घराचं दार बंद झालं ते झालं. बाईवर सगळ्यात जास्त अन्याय ज्या जागी होतो, त्या जागी समानतेचं कलम थेट जाऊ शकलं नाही.

हे होणार याची जाण घटना समितीतल्या बायकांना होती. समितीत त्या पंधरा जणी होत्या. मुंबईहून गेलेल्या हंसाबेन मेहता त्यांतल्या एक. पुढे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ जाऊन ‘सर्व मानव’ हा शब्द आला, तो त्यांच्या आग्रहामुळे. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत हंसाबेन, राजकुमारी अमृत कौर आणि मिनू मसानी यांनी लेखी मतभेद नोंदवला होता की समान नागरी कायदा हा नुसत्या मार्गदर्शक तत्त्वांत न टाकता कोर्टात मागता येईल असा हक्क करा. तो झाला नाही. मग डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल आणलं. ते रखडवलं गेलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्याचं एक मोठं कारण हेच. बिलाचे तुकडे होऊन १९५५-५६ मध्ये चार कायदे आले, पण मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क काही त्यात आला नाही.

तरीही २००५ ची दुरुस्ती संसदेत मांडताना सरकारने कारण काय दिलं ते सांगते. मुलीला वगळणं हा लिंगावरून केलेला भेदभाव आहे आणि घटनेने दिलेल्या समानतेच्या मूलभूत हक्काची त्यामुळे पायमल्ली झाली आहे, असं त्या विधेयकाच्या उद्देशांतच लिहिलं आहे. कलम स्वतः घरात शिरलं नाही, पण त्याचा हात धरून कायदा शिरला. त्याला पंचावन्न वर्षं लागली, हे मी झाकून ठेवणार नाही. कलम नसतं तर तो कायदा मागायला कोणता आधार होता, हे मात्र बाबांना विचार.

जिथे समोर सरकार असतं तिथे हेच कलम फार लवकर कामाला येतं. सी. बी. मुथम्मा या भारतीय परराष्ट्र सेवेत निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला. त्या सेवेचा नियम असा होता की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला लावता येईल. पुरुषाला असा नियम नाही. बढती नाकारल्यावर त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १९७९ साली निकाल लागेपर्यंत सरकारने त्यांना बढती दिली होती आणि तो नियमही काढला होता. म्हणून अर्ज तांत्रिकदृष्ट्या फेटाळला गेला. न्या. कृष्ण अय्यर यांनी मात्र नियमांतला भेदभाव स्वच्छ शब्दांत नोंदवून ठेवला.

वकिलाच्या नजरेने बघितलंस तर अर्ज फेटाळला जाणं ही इथे छोटी गोष्ट आहे. निकाल लागायच्या आधीच नियम गेला, ही मोठी. कलमाचा बराच उपयोग असा होतो की तो कुठल्याच निकालाच्या पुस्तकात दिसत नाही. माझ्याकडे एक मुलगी आली होती, वडील नोकरीत असताना वारले, अनुकंपा नियुक्तीचा अर्ज एका कार्यालयाने परत केला. त्यावर एकच ओळ, ‘विवाहित असल्याने अपात्र’. लग्न झालेला मुलगा मात्र चालत होता. मी दोन पानी नोटीस पाठवली. कलम १४, १५, १६ लिहिली, आणि विवाहित मुलीला असं वगळणं घटनेत बसत नाही असं म्हणणारे हायकोर्टाचे निकाल जोडले. दीड महिन्यात अर्ज पुन्हा प्रतीक्षा यादीत गेला. ती नोटीस लिहिताना माझ्या हातात जे बळ होतं, ते त्या तीन आकड्यांचं होतं.

आता कलमातला दुसरा शब्द, ‘केवळ’. यासाठीच मी तुला एवढं सविस्तर लिहिते आहे. एअर इंडियाच्या हवाईसुंदऱ्यांना नियम होता की नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, किंवा पहिल्यांदा दिवस गेले, किंवा वयाची ३५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा निवृत्ती. विमानात त्यांच्यासोबत तेच काम करणारे पुरुष ५८ व्या वर्षापर्यंत नोकरी करायचे. १९८१ साली नर्गिस मिर्झा खटल्यात सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट क्रूर आणि मनमानी म्हणून रद्द केली. पण चार वर्षांत लग्न नको ही अट ठेवली. म्हणणं असं, की घटनेने मनाई केली आहे ती ‘केवळ’ लिंगावरून केलेल्या भेदभावाला. लिंगाबरोबर भरती, पगार, सेवेच्या अटी अशी दुसरी कारणं असली तर कलम १५ लागत नाही.

बाईवरचा भेदभाव कधी निव्वळ ‘ती बाई आहे’ असं सांगून होतो का? त्याला नेहमी दुसरं कारण चिकटलेलं असतं. तिचं लग्न झालं, तिला मूल होईल, तिला रात्री उशीर होतो, ती नवऱ्याच्या गावी जाईल. एका ‘केवळ’ने या सगळ्या सबबींना वाट करून दिली. २०१८ साली नवतेज जोहर खटल्यात न्या. चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात हा विचार चुकीचा असल्याचं लिहिलं, आणि २०२० मध्ये बबिता पुनिया खटल्यात लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन देताना कोर्टाने ‘बायकांना घरच्या जबाबदाऱ्या असतात’ ही सबब ऐकून घेतली नाही. म्हणजे १९८१ ते २०१८, एका शब्दाचा अर्थ सरळ व्हायला सदतीस वर्षं गेली.

तुमच्या ईआरएचा, म्हणजे इक्वल राइट्स अमेंडमेंटचा मजकूर मी पुन्हा वाचला. कायद्याखालची हक्कांची समानता अमेरिका किंवा तिचं कोणतंही राज्य लिंगाच्या कारणावरून नाकारणार नाही किंवा तिचा संकोच करणार नाही. यात ‘केवळ’ नाही. हे तुमचं मोठं भाग्य समजा, आणि तडजोडीत कुणी तो शब्द घालू म्हटलं तर अजिबात मान्य करू नका. पण आमच्यासारखीच मर्यादा इथेही आहे. बांधलं आहे ते सरकारला. खाजगी मालकासाठी वेगळा कायदा लागतोच. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत महिला स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. त्या लढ्यात बाईच्या बाजूने निर्णय झाला तो १९७६ च्या समान वेतन कायद्यावर, १९८७ साली. कलम १५ एकट्याने कंपनीच्या दारात जाऊ शकलं नसतं. तेव्हा सभेत बोलताना ‘ईआरए आला की पगार समान होईल’ असं सांगू नका. लोक दहा वर्षांनी तेच वाक्य तुमच्या तोंडावर फेकतील.

आणखी एक गोष्ट तुमच्या मजकुरात नाही आणि आमच्यात आहे. कलम १५ च्या तिसऱ्या पोटकलमात बायका-मुलांसाठी खास तरतूद करायला राज्याला मोकळीक आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत बायकांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, ते अशाच आधारावर टिकतं. तुमच्याकडे १९५० आणि १९५३ मध्ये सिनेटने ईआरएला अशीच एक पुस्ती जोडली होती, सिनेटर हेडन यांची. ती समर्थक बायकांनीच नाकारली, कारण ‘संरक्षणा’च्या नावाखाली बायकांना कामावरून दूर ठेवणारे कायदे तिच्या आडून जिवंत राहिले असते. त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्याकडे १९५४ साली याच तिसऱ्या पोटकलमाचा आधार घेऊन व्यभिचाराचा जुना गुन्हा टिकवला गेला. त्यात पत्नीला शिक्षा नाही, पण तिची इच्छा नवऱ्याच्या संमतीपुढे शून्य. तो कायदा थेट २०१८ साली गेला. तरीही माझं मत विचारशील तर मी खास तरतुदीची बाजू घेईन. सारख्याला सारखं म्हणताना आधीच मागे ढकललेल्या माणसाला पुढे यायला वेळ आणि जागा द्यावी लागते.

बाबांना अमेरिकेपुरतं उत्तर हवं असेल तर तू राहतेस त्याच राज्याचा इतिहास सांग. न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत मताचा हक्क ‘सर्व रहिवाशां’ना होता, पन्नास पौंडांची मालमत्ता असली की झालं. त्या शब्दाच्या जोरावर तिथल्या अविवाहित आणि विधवा बायका मतदान करत होत्या. १८०७ साली विधिमंडळाने साधा कायदा करून मत गोऱ्या पुरुषांपुरतं आणलं. हक्क होता, पण ‘बाईलाही’ असं स्पष्ट कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो काढून घेणं सोपं गेलं. पुढे १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती आली. तिच्या पहिल्या भागात सर्वांना कायद्याचं समान संरक्षण आहे, आणि दुसऱ्या भागात मतदारांबद्दल बोलताना अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदाच ‘पुरुष’ हा शब्द घातला गेला.

आज तुमच्याकडे लिंगभेदाविरुद्ध जे संरक्षण आहे ते याच दुरुस्तीच्या पहिल्या भागातून न्यायाधीशांनी काढलेलं आहे. मृताच्या मिळकतीची व्यवस्था बघायला बाईपेक्षा पुरुषाला पसंती देणारा आयडाहोचा कायदा १९७१ च्या रीड खटल्यात रद्द झाला, तिथून सुरुवात. पण वंशावरून केलेल्या भेदभावाला कोर्ट सगळ्यात कडक कसोटी लावतं आणि लिंगावरून केलेल्या भेदभावाला मधली. १९७३ च्या फ्रंटिएरो खटल्यात नऊपैकी चार न्यायाधीश कडक कसोटी लावायला तयार होते, पाचवा मिळाला नाही. मागे राहिलेल्यांपैकी काहींनी कारण दिलं की ईआरए राज्यांपुढे आहेच, त्याचा निर्णय होऊ द्या. त्या निर्णयाची वाट बायका अजून बघत आहेत. आणि २०११ साली छापून आलेल्या मुलाखतीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्या. स्कॅलिया सरळ म्हणाले की घटना लिंगभेदाला मनाई करत नाही. न्यायाधीशांनी अर्थ लावून दिलेला हक्क नंतरचे न्यायाधीश दुसरा अर्थ लावून काढू शकतात. गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो निकाल २०२२ मध्ये उलटला. त्या विषयावर कुणाचं काहीही मत असो, एकोणपन्नास वर्षांचा निकालही कायमचा नसतो हे त्यातून दिसलं. शब्द घटनेत असतील तर न्यायाधीशाला निदान ते वाचावे लागतात.

मोहिमेचा इतिहास तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. अ‍ॅलिस पॉल यांनी १९२३ मध्ये मागणी मांडली. काँग्रेसने, म्हणजे तुमच्या संसदेने, १९७२ मध्ये दुरुस्ती मंजूर केली, ३८ राज्यांची गरज होती, १९७७ पर्यंत ३५ झाली. मग फिलिस श्लाफ्ली यांच्या विरोधी मोहिमेने गाडी अडली, आणि वाढवून दिलेली मुदतही १९८२ ला संपली. नेव्हाडा २०१७, इलिनॉय २०१८, व्हर्जिनिया २०२० असे ३८ झाले, तेव्हा वाद उरला मुदतीचा आणि मधल्या काळात संमती मागे घेणाऱ्या पाच राज्यांचा. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी दुरुस्ती लागू झाली असं आपलं मत जाहीर केलं, पण ती अधिकृतपणे घटनेत छापली गेली नाही. मला विचारशील तर गटाची ताकद दोन्हीकडे लावा. मुदत उठवण्यासाठी वॉशिंग्टनवर दबाव ठेवा, आणि राज्याच्या घटनेत स्पष्ट शब्द मागा. नेव्हाडाने २०२२ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२४ मध्ये मतदारांच्या कौलाने ते करून घेतलं आहे.

एक मात्र सांभाळा. ही फक्त बायकांची मागणी आहे असं दिसू देऊ नका, कारण ती तशी नाहीच. १९७५ चा वाइजनफेल्ड खटला न्यू जर्सीच्याच एका बापाचा. बाळंतपणात बायको गेली, तान्हं मूल सांभाळायला तो घरी राहिला, आणि सरकार म्हणालं, कमावत्याच्या मागे मूल सांभाळण्याचा भत्ता विधवेला मिळतो, विधुराला नाही. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्याची बाजू मांडली आणि कोर्टाने एकमताने त्याला न्याय दिला. ही गोष्ट बाबांना नक्की सांग.

नऊ एकरांच्या त्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा झाला आहे, प्रत्येकी एक तृतीयांश. शेतजमिनीची सरस-निरस वाटणी कलेक्टरांमार्फत होते, तिथे कागद पोचले आहेत. फेरफार धरून तिचं नाव ‘इतर अधिकारा’तून काढून भोगवटादाराच्या रकान्यात लागलं, तेव्हा ती सात-बाराचा उतारा घेऊन मला दाखवायला आली होती. भावांशी बोलणं मधली चार वर्षं बंद होतं. गेल्या भाऊबीजेला धाकटा आला. मोजणीची फी भरून झाली आहे, हद्दीच्या खुणा पावसाळा संपला की घालायच्या आहेत.